फुलांसोबतच्या कार्डावर काय लिहायचं? पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

गुच्छ बांधून होतो, रिबीन लागते, पैसे दिले जातात आणि मग दुकानदार पेन हातात घेऊन विचारतो, "कार्डावर काय लिहू?" दुकान सांगलीत मारुती रोडला असो की विश्रामबागेत, या प्रश्नाला गिऱ्हाईक क्षणभर थांबतं आणि म्हणतं, "लिहा की तुम्हीच काहीतरी. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." गुलाब लाल की पिवळा, जरबेरा किती, मध्ये निशिगंधाच्या काड्या घालायच्या का, यावर भरपूर चर्चा झालेली असते. कार्डाच्या वाट्याला मात्र अर्धा मिनिटसुद्धा येत नाही.

मला हे मनापासून खटकतं. फुलं चार-पाच दिवसांत जातात, कार्ड घरात राहतं. मी ती कार्डं पोथीत खूण म्हणून घातलेली पाहिली आहेत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली पाहिली आहेत, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेली पाहिली आहेत. इतकं जपलं जाणारं काहीतरी आपण दुसऱ्याच्या अक्षरात, दुसऱ्याच्या शब्दांत पाठवतो. म्हणून "आपल्याला काही लिहिता येत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी हा लेख लिहितोय. भाषा चांगली असण्याची गरज नाही. तो माणूस तुम्हाला माहीत असला की पुरे.

सगळ्या लेखाचं सार आधीच सांगतो: कार्डावर एकच खरी गोष्ट लिहायची, आणि ती अशी हवी की त्या माणसाला ती फक्त तुम्हीच लिहू शकता. मायना, शुभेच्छा, सही हे सगळं त्या एका गोष्टीच्या आजूबाजूला बसवायचं.

पहिली पायरी: फुलं कोणाच्या हातात जाणार?

मजकूर फुलांच्या दुकानात सुचत नाही. तो घरी, आदल्या दिवशी लिहावा. पण लिहिण्याआधी फुलांचं ठरवून घ्या, कारण फुलांकडूनही मजकुराला मदत होते.

आजीला सेलोफेनमधला मोठा गुच्छ दिला की ती तो कुठे ठेवायचा या विचारात पडते. तिला मोगऱ्याचा गजरा, सोनचाफ्याची दोन-चार फुलं किंवा शेवंती दिली तर त्यातलं एखादं फूल देवाला जाईल आणि एखादं केसात. देवाला वाहायची फुलं आपण हुंगत नाही, हे लक्षात ठेवा. दुकानातून आणताना वाटेत वास घेत बसू नका, आजी नक्की विचारेल. अशा वेळी कार्डावर एवढं लिहिलं तरी चालतं: "आजी, यातली दोन गणपतीला वाहा आणि एक तू माळ. तुझ्या केसात फूल पाहिलं नाही तर तुझा वाढदिवस वाटतच नाही."

मित्राला, बहिणीला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला जरबेरा किंवा गुलाब छान दिसतात. निशिगंधाचा वास संध्याकाळी जास्त येतो, म्हणून रात्री औक्षण किंवा जेवण असेल तर त्याच्या काड्या जरूर घाला. मोगरा उन्हाळ्यातला आणि तोही एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. शेवंती थंडीच्या तोंडावर भरपूर मिळते. कोणत्या रंगाचा गुलाब म्हणजे काय, याचे तक्ते फिरत असतात, पण आपल्याकडे त्या तक्त्यांवरून कोणी फुलं वाचत नाही. एकच सांभाळा: लाल गुलाबांचा मोठा गुच्छ वहिनीला, बाईंना किंवा ऑफिसातल्या मॅडमना पाठवू नका. लोक त्याचा भलताच अर्थ काढतात आणि त्रास त्यांना होतो.

दुसरी पायरी: कोऱ्या कागदावर तीन प्रश्न

ही खरी मेहनतीची पायरी आहे. पंधरा मिनिटं काढा, मोबाईल बाजूला ठेवा आणि रफ कागदावर या तीन प्रश्नांची उत्तरं जशी मनात येतील तशी लिहा. शुद्धलेखन बघू नका, छान-छान लिहू नका.

एक, या माणसानं माझ्यासाठी असं काय केलं की जे त्याला स्वतःलाही आठवत नसेल?

दोन, हा माणूस चार दिवस गावाला गेला की घरात काय अडतं?

तीन, गेल्या वर्षभरात त्याच्या आयुष्यात काय घडलं?

पहिल्या प्रश्नातून सगळ्यात चांगला मजकूर निघतो. मोठे उपकार सगळ्यांनाच आठवतात: शिक्षण केलं, लग्न लावून दिलं, घर बांधायला मदत केली. ते लिहिलं की कार्ड सत्काराच्या भाषणासारखं होतं. लहान गोष्ट शोधा. एक उदाहरण घेऊ. तासगाव भागातली मुलगी, नोकरीला पुण्यात. वडिलांची द्राक्षबाग. वडिलांचा वाढदिवस ऑक्टोबरात येतो आणि ऑक्टोबर म्हणजे फळछाटणी. घरात कोणालाच फुरसत नसते, वडिलांना तर नाहीच. ती पहिल्यांदा लिहील, "तुम्ही आमच्यासाठी खूप कष्ट केलेत." हे खरं आहे, पण हे कुठल्याही शेतकऱ्याच्या मुलीला लिहिता येईल. आता तिला विचारा, म्हणजे नेमकं काय केलं? ती सांगेल की होस्टेलवर असताना बाग अवकाळीत गेली, त्या वर्षीसुद्धा महिन्याचे पैसे एक तारखेला आले आणि घरी काय चाललंय हे तिला सुट्टीत आल्यावर कळलं. हीच ती गोष्ट. आता कार्ड असं होतं:

*"आण्णा, छाटणीच्या गडबडीत तुमचा वाढदिवस कधी झालाच नाही. ज्या वर्षी बाग गेली त्या वर्षीही माझे पैसे एक तारखेला आले होते. मला ते फार उशिरा कळलं. आज बागेतून जरा लवकर घरी या. तुमची बायडी."*

यात "प्रेम", "कष्ट", "त्याग", "ऋण" यातला एकही शब्द नाही, तरी आण्णा हे कार्ड दोनदा वाचतील.

दुसरा प्रश्न नवरा-बायको, भाऊ-बहीण, सासू-सून अशा रोजच्या माणसांसाठी उपयोगी आहे. रोजच्या माणसाचं आपल्याला काही वेगळं सुचत नाही, कारण सगळं सवयीचं झालेलं असतं. तो नसताना काय अडतं हे आठवलं की तो असताना काय करतो हे दिसतं. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा माणूस बायकोला लिहितो:

*"रात्रपाळी करून येतो तेव्हा मी कडी वाजवायच्या आधी दार उघडतं. तू माहेरी गेलीस तेव्हा पहिल्यांदा कळलं की दाराला कुलूपही असतं. वाढदिवसाला आज मी रजा काढली आहे."*

शेवटचं वाक्य पाहा. त्यात कुठलाही अलंकार नाही, पण त्याच्याशिवाय हे कार्ड अपुरं राहिलं असतं. करता येण्यासारखं काही असेल तर ते लिहा, आणि लिहिलं तर करा.

सासूबाई सुनेला कार्ड देत नाहीत असा आपल्याकडे समज आहे. द्यावं. "तू घरात आलीस तेव्हापासून माझ्या डोळ्यांत घालायचे औषधाचे थेंब एकदाही चुकले नाहीत. आज स्वयंपाकघरात येऊ नकोस, पोळ्या मी लाटते." एवढ्या दोन वाक्यांनी घरातलं कितीतरी सोपं होतं.

तिसरा प्रश्न ज्यांच्याशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी. मित्राचं दुकान सुरू झालं, मावसबहिणीची परीक्षा झाली, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वर्षातल्या एका गोष्टीचा उल्लेख केला की समोरच्याला कळतं, आपण दूर असलो तरी याला माहीत आहे. मात्र फेसबुकवर वाचलेलं जसंच्या तसं परत लिहू नका.

तीनही प्रश्नांची उत्तरं कोरी राहिली तर? तर तुमची त्या माणसाशी तेवढीच ओळख आहे आणि त्यात काही वाईट नाही. "आपल्याला वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा" एवढं लिहून खाली नाव घाला. ओढूनताणून जवळीक दाखवलेली वाचणाऱ्याला अवघड वाटते.

तिसरी पायरी: मायना

घरात हाक मारता तेच लिहा. आपल्या भागात वडिलांना आण्णा, आबा, तात्या, बापू, नाना, दादा, पप्पा काहीही म्हणतात. थोरल्या बहिणीला आक्का किंवा ताई. कार्डावर एकदम "प्रिय बाबा" आलं तर आबांना ते दुसऱ्या कोणाचं तरी कार्ड वाटेल.

जुन्या पत्रांची रीत आवडत असेल तर आई-वडिलांना "तीर्थरूप" म्हणजे "ती.", काका-मामांसारख्या इतर वडीलधाऱ्यांना "तीर्थस्वरूप", धाकट्यांना "चि." लिहा. पंच्याहत्तरीच्या आजोबांना "तीर्थस्वरूप आजोबांस, साष्टांग नमस्कार" वाचून मनापासून बरं वाटतं, कारण त्यांनी आयुष्यभर अशीच पत्रं लिहिली आहेत. पण मित्राला किंवा कॉलेजातल्या बहिणीला ही भाषा परकी वाटेल. आणि वडील हयात नसतील तर आईच्या नावाआधी विधवांसाठीची "गं. भा." ही उपाधी लिहू नका, फक्त "आई" लिहा. वाढदिवसाच्या दिवशी तिला तिच्या वैधव्याची आठवण करून देणारी अक्षरं कशाला?

तू, तुम्ही, आपण यातलं जे पहिल्या ओळीत घेतलं ते शेवटपर्यंत ठेवा. कार्डावर ही चूक फार दिसते: "सर, तुम्ही मला शिकवलंत... आपले आशीर्वाद असू द्यावेत." एका कार्डात एकच. बहुतेक घरांत आईला तू आणि वडिलांना तुम्ही असतं. दोघांना मिळून लिहिताना तुम्हीच घ्या. बोलताना "केलं, गेलं" म्हणत असाल तर लिहितानाही तसंच लिहा. "केले, गेले" मध्येच आलं की वाचणारा अडखळतो.

चौथी पायरी: शुभेच्छेचं वाक्य

"उदंड आयुष्य लाभो", "सर्व मनोकामना पूर्ण होवोत", "यशाची शिखरं गाठा" ही वाक्यं वाईट नाहीत. पण चौकातल्या फ्लेक्सवर ती इतकी वाचलेली असतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो. शुभेच्छा वरच्या गोष्टीतून काढा. मावशीचा गुडघा दुखतो हे माहीत असेल तर, "यंदाच्या वाढदिवसापर्यंत नाही जमलं, पुढच्या वाढदिवसाला आपण दोघी हरिपूरला संगमावर चालत जाऊ." यात तब्येतीची शुभेच्छा आहे, सोबतही आहे.

आपल्यापेक्षा मोठ्यांना आशीर्वाद द्यायचा नाही, मागायचा. "सुखी राहा", "यशस्वी व्हा" हे वडिलांना लिहिलेलं खटकतं. त्यांना नमस्कार लिहा. धाकट्यांना "अनेक आशीर्वाद" लिहायला मात्र लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

वय मोठं असेल तेव्हा "शतायुषी व्हा" लिहिण्याआधी एकदा थांबा. पन्नाशीच्या माणसाला ते छान आहे. अठ्ठ्याऐंशीच्या आजोबांना ते लिहिणं म्हणजे मोजून बारा वर्षं देणं. त्यांना पुढच्या दिवाळीबद्दल लिहा, नातवाच्या मुंजीबद्दल लिहा, येत्या हंगामाच्या पहिल्या हापूसबद्दल लिहा.

एकसष्टी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असे सोहळे असतील तर त्याचा उल्लेख हवाच. एकसष्टी साठ वर्षं पूर्ण होऊन एकसष्टावं लागताना करतात. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणून हजार पौर्णिमा व्हायला सुमारे ८१ वर्षं लागतात. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशोब तो. आजीला असं लिहिता येतं: "हजार पौर्णिमांपैकी माझ्या वाट्याला तुझ्यासोबतच्या कोजागिरी आल्या. दुधात केशर जास्त माझ्या पेल्यात असायचं, ते मला माहीत होतं."

स्त्रियांच्या कार्डावर वयाचा आकडा त्यांनी स्वतः सोहळा केला असेल तरच लिहा.

पाचवी पायरी: खाली नाव

"तुझाच", "तुमची लाडकी", "ओळखा पाहू कोण" असं लिहून नाव न घालणं ही फार वाईट सवय आहे. गुच्छ घरी येतो तेव्हा बऱ्याचदा तो घेणारा माणूस दुसराच असतो. नाव नसलेली फुलं आली की घरात चौकशी सुरू होते. घरात ज्या नावानं ओळखतात ते लिहा: बायडी, पिंट्या, छोटी, जे असेल ते. शाळेच्या बाईंना लिहिताना मात्र पूर्ण नाव, आणि त्याखाली कोणत्या तुकडीचा, कोणत्या साली दहावी, हेही. बाईंच्या हाताखालून पिढ्या गेलेल्या असतात. त्यांना तुम्ही आठवलात तर आनंद दुप्पट होतो आणि नाही आठवलात तर त्यांना संकोच वाटत नाही.

*"बाई, सातवीत माझा पावसावरचा निबंध तुम्ही वर्गात वाचून दाखवलात. मी शेवटच्या बाकावर बसायचो, दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या बाकावर बसायला लागलो. वाढदिवसाला नमस्कार."*

ऑफिसातून किंवा मित्रमंडळीतून एकत्र गुच्छ जात असेल तर मजकूर एकानंच लिहावा आणि सह्या सगळ्यांनी कराव्यात. प्रत्येकानं एक-एक ओळ लिहिली की कोणाचीच ओळ धड होत नाही.

सगळ्यांसमोर वाचलं जाणार हे लक्षात ठेवा

फुलांसोबतचं कार्ड पाकिटातल्या पत्रासारखं खाजगी नसतं. पोचवणारा मुलगा ते पाहतो, दार उघडणारी वहिनी पाहते, संध्याकाळी पाहुणे आले की कोणीतरी हौसेनं मोठ्यानं वाचतं. म्हणून पैशाचा व्यवहार, आजाराचं नाव, जुनं भांडण, नोकरी गेल्याचा विषय उघड्या कार्डावर नको. मनातलं फारच जवळचं असेल तर वेगळं पाकीट करा, चिकटवा आणि त्यावर नाव घाला.

भांडण मिटवायला गुच्छ पाठवणारे खूप आहेत. पाठवा, पण माफीचं बोलणं आधी फोनवर किंवा समोर व्हावं. कार्डावर "जे झालं ते विसरून जाऊ" लिहिलं तर वाढदिवसाच्या दिवशी तेच आठवतं. तिथे एखादी भांडणाच्या आधीची चांगली आठवण लिहा.

आता काही अवघड प्रसंग. घरात सुतक असेल तर वाढदिवसाचा गुच्छ पाठवू नका. दिवस झाल्यावर भेटायला जा. जोडीदार गेल्यानंतरचा पहिला वाढदिवस असेल तर पाठवावा की नाही, असं लोक विचारतात. माझं मत आहे की जरूर पाठवावा, कारण त्या वर्षी बाकीचे सगळे संकोचून गप्प बसतात. फक्त "आनंदी", "उत्साहाचा", "सोनेरी दिवस" असे शब्द नकोत आणि फुलं थोडीच, साधी. मामी गेल्यानंतर मामांना असं लिहिता येईल:

*"मामा, आज मामींच्या हातचा शिरा नाही. मी संध्याकाळी येतोय, सोबत जेवू. काही बोललो नाही तरी चालेल."*

गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक घाबरतात. उलट ते कोणीतरी घ्यावं असंच त्या घराला वाटत असतं.

मिरजेला दवाखान्यात असलेल्या माणसाला फुलं द्यायची असतील तर आधी तिथल्या सिस्टरना विचारा. अतिदक्षता विभागात फुलं सहसा चालत नाहीत, काही वॉर्डांतही नाही. तेव्हा फक्त कार्ड पाठवा, अक्षर मोठं काढा, चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. "लवकर बरे व्हा" सगळेच म्हणतात. तुम्ही घरची खबर लिहा: तुळशीला पाणी घातलं, मांजराला दूध दिलं, वीजबिल भरलं. पडून असलेल्या माणसाचं मन तिथेच अडकलेलं असतं.

वाढदिवस हुकला असेल तर खोटी कारणं देऊ नका. "दोन दिवस उशीर झाला. फुलं ताजी आहेत." बस्स.

आणि ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही पण ज्यांनी वेळेला साथ दिली, त्यांचा वाढदिवस लक्षात ठेवा. सांगलीत ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातली कितीतरी कुटुंबं उंचावरच्या वस्तीत ओळखीपाळखीच्या घरी राहिली. त्या घरातल्या काकूंना कोणी कार्ड पाठवलं असेल का? हे असं:

*"काकू, पुरात आम्ही तुमच्या घरी राहिलो. तुमच्या पंचपाळ्यातली हळद आणि तुमचे टॉवेलसुद्धा आम्ही वापरले. 'कधी जाणार' असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. त्या घराला आणि तुम्हाला नमस्कार."*

सहावी पायरी: कार्ड उतरवणं

मजकूर रफ कागदावर पक्का झाला की दोन तपासण्या करा. पहिली, मायना आणि सही बोटानं झाका आणि मधलं वाचा. तो मजकूर शेजारच्या घरातल्या माणसालाही लागू पडत असेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जा. दुसरी, मोठ्यानं वाचा. ज्या शब्दावर जीभ अडखळते तो शब्द तुमचा नाही. काढून टाका.

दुकानात मिळणारं लहान कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढं असतं. त्यावर देवनागरीत वीस-पंचवीस शब्द नीट बसतात. वेलांट्या आणि उकार वर-खाली जातात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. वर दिलेली काही उदाहरणं यावर मावणार नाहीत. त्यासाठी घडीचं कार्ड घ्या किंवा जाड कागद स्वतः कापा. पेन्सिलीनं अगदी फिकट ओळी आखा, आधी तेवढ्याच मापाच्या रद्दी कागदावर लिहून पाहा, मग खरं कार्ड घ्या. अक्षर वाईट आहे म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. आईला मुलाचं अक्षर ओळखू येतं आणि तिला तेच हवं असतं.

पेन बॉलपेन घ्या. जेल पेनची आणि शाईची अक्षरं गुळगुळीत कार्डावर फासतात, शिवाय दुकानदार फुलांवर पाणी मारतो तेव्हा ओघळतात. कार्ड वाळू द्या, प्लॅस्टिकच्या लहान पाकिटात घाला आणि गुच्छाला समोरून रिबिनीनं बांधायला सांगा. खालच्या ओल्या स्पंजात खोचलं तर घरी पोचेपर्यंत कागद भिजतो. स्टेपलर मारू देऊ नका, फुलं सोडवताना बोटाला लागतो.

शुद्धलेखनात या ठिकाणी हमखास चुका होतात: हार्दिक, शुभेच्छा, आशीर्वाद, दीर्घायुष्य, नीरोगी, वाढदिवसानिमित्त. हे सहा शब्द इथे बघून लिहा, म्हणजे शाळेच्या बाईंनाही कार्ड बिनधास्त देता येईल.

पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून पाठवत असाल तर

सांगली-मिरजेतल्या घराघरांतली मुलं बाहेर आहेत, त्यामुळे फोनवर ऑर्डर देऊन आई-वडिलांना फुलं पोचवणं आता नेहमीचं झालंय. इथे मजकूर सगळ्यात जास्त बिघडतो. फोनवर बोलून सांगितलेला मजकूर ऐकणारा घाईत लिहितो. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी त्याहून वाईट, कारण "आजी" आणि "अजी", "तुझी" आणि "तुजी" यातलं काय हे ठरवायचं काम दुकानातल्या मुलावर पडतं. देवनागरीत टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवा. दुकानात प्रिंट काढणार असतील तर फॉन्ट बदलून जोडाक्षरं तुटतात, म्हणून शक्य असेल तर मजकूर स्वतःच्या हातानं कागदावर लिहा, उजेडात सरळ फोटो काढा आणि तो फोटो छापून कार्डावर चिकटवायला सांगा. यात तुमचं अक्षर घरी पोचतं. बहुतेक दुकानदार हे आनंदानं करतात, फक्त आदल्या दिवशी सांगायला हवं.

पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या मेसेजमध्ये द्या. एकाच मेसेजमध्ये सगळं असलं की कार्डावर पत्तासुद्धा उतरवला जातो. वाढदिवस तिथीनं करतात की तारखेनं, औक्षण सकाळी की संध्याकाळी, हे घरात कोणाला तरी विचारून वेळ ठरवा. दुपारी एक ते चार ही वेळ टाळा, वडीलधारी माणसं झोपलेली असतात आणि बेल वाजली की दचकतात. गुच्छ दुकानातून निघायच्या आधी बांधलेल्या कार्डाचा फोटो मागा आणि नाव, काना-मात्रा तपासा. चूक असली तर तेव्हाच दुसरं कार्ड लिहून घेता येतं.

पोचल्याचं कळलं की लगेच "कसं वाटलं कार्ड?" असा फोन करू नका. त्यांना ते सावकाश वाचू द्या. संध्याकाळी नेहमीसारखा फोन करा, जेवायला काय केलंय ते विचारा. कार्डाचा विषय त्यांना काढायचा असेल तर ते काढतील.